लोकसभेच्या मतदानाआधीचे आठवडे: मतदारांच्या आशा, काळज्या आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४च्या लोकसभा निवडणुकीची घोषणा १६ मार्च रोजी झाली आणि आमच्या भागातले मतदान पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी झाले. मधल्या नऊ आठवड्यांत निफाड तालुक्यातल्या लोकांनी मला जे प्रश्न विचारले, ते मी एका वहीत टिपून ठेवले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. नोकरीत असताना अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले असल्यामुळे यंत्र, यादी, शाई याविषयी काही अडले की गावातली माणसे माझ्या ओट्यावर येतात. कोणाला मत द्यावे, हे मी त्यांना कधी सांगितले नाही आणि इथेही सांगणार नाही. मात्र मतदाराच्या मनातली शंका "काही होत नाही हो" एवढे म्हणून उडवून लावू नये, तिला पुरते उत्तर मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पुढच्या लोकसभेलाही यातले बहुतेक प्रश्न पुन्हा विचारले जातील, म्हणून ते उत्तरांसह मांडत आहे.

त्या आठवड्यांत लोकांच्या मनात सर्वांत वर कोणता विषय होता?

आमच्याकडे कांदा. लासलगाव आमच्याच तालुक्यात आहे आणि दिंडोरी मतदारसंघाच्या निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण, दिंडोरी या सहाही विधानसभा क्षेत्रांत कांदा पिकवणारी घरे आहेत. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी ३१ मार्चपर्यंतची होती, पण मुदत संपण्याआधीच ती पुढे वाढवण्यात आली, आणि नेमका तेव्हाच उन्हाळ कांदा काढणीला आलेला होता. एप्रिलच्या अखेरीस गुजरातमधील पांढऱ्या कांद्याच्या दोन हजार टनांना परवानगी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा पारावर बसलेल्या लोकांच्या तोंडचे पाणीच पळाले. दोनच दिवसांनी सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवण्याची मुभा जाहीर झाली, आणि ४ मे रोजी बंदी उठली. मात्र टनाला किमान ५५० डॉलर हा निर्यातमूल्याचा दर आणि ४० टक्के शुल्क लागू झाले.

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा होता: "सर, हे मतदानामुळे उघडलं का, आणि मतदान झाल्यावर परत बंद होणार का?" सरकारच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नव्हतो. तारखा मात्र सगळ्यांसमोर होत्या आणि त्यांवरून ज्याने त्याने आपला अंदाज बांधावा, एवढेच मी म्हणत असे. एक शेतकरी चाळीत कांदा भरताना मला म्हणाले, "भाव कमी असला तरी चालेल, पण आज एक आणि उद्या दुसरंच, असं नको." हातातला कांदा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान नरम लागल्यामुळे बाजूच्या पाटीत टाकला. पाच महिने कांदा राखायचा की आजच लिलावात न्यायचा, हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला दरापेक्षा धोरणाचा भरवसा मोलाचा वाटतो. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा, हीसुद्धा रास्तच अपेक्षा आहे आणि तिचेही मत तेवढ्याच वजनाचे आहे. पण दर वेळी तोल राखण्याचा भार एकाच बाजूच्या खांद्यावर पडतो, हे आमच्या भागाचे दुखणे आहे आणि ते मला खरे वाटते.

विदर्भात आणि मराठवाड्यात हीच जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये होता आणि बाजारात त्यापेक्षा कमी दराने माल विकावा लागत होता. आरक्षणाचा प्रश्नही धगधगत होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक मंजूर झाले, तरी ते न्यायालयात टिकेल का, ही काळजी एका घरात आणि आपल्या वाट्याचे काय होणार, ही काळजी शेजारच्या घरात होती. दोन्ही घरांतल्या मुलांना नोकरी हवी आहे, हे दोन्ही घरांतले बाप जाणत होते.

आमच्या मागण्यांपैकी कोणत्या मागण्या खासदाराकडे करण्यासारख्या असतात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि तो विचारला जावा अशी माझी इच्छा आहे. कांद्याची आयात-निर्यात, हमीभाव, खतांचे अनुदान, रेल्वेचे थांबे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल आणि प्राप्तिकर हे केंद्राचे विषय आहेत. शेतीपंपाची वीज, जिल्ह्यातले रस्ते, शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे राज्याचे विषय आहेत. गटार, गावठाणातला पथदिवा आणि स्मशानभूमीचे पत्रे यांसाठी ग्रामपंचायत आहे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांचा निधी सुचवता येतो; सहा विधानसभा क्षेत्रांत वाटला, तर त्यातून एखाद्या गावाच्या वाट्याला काय येईल, याचा हिशेब कोणालाही करता येतो. म्हणून प्रचाराची गाडी दारात आली की सभामंडप मागण्याऐवजी "निर्यातबंदीवर तुम्ही लोकसभेत काय बोललात, किंवा काय बोलणार आहात?" असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. खासदारांचे प्रश्न आणि भाषणे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. जाहीरनाम्यातली आश्वासने मात्र कायद्याने बंधनकारक नसतात, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

माझे नाव यादीत नसेल तर? गेल्या वेळी मतदान केले होते, म्हणजे नाव असणारच ना?

तसे गृहीत धरू नये. मतदार ओळखपत्र खिशात असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदान यादीतल्या नावावर होते. केंद्राध्यक्ष म्हणून मला ज्या प्रसंगांचे सर्वांत जास्त वाईट वाटले, ते सगळे याच गोष्टीतून घडले. सकाळी सात वाजता धुतलेले धोतर नेसून आलेला वृद्ध माणूस ओळखपत्र पुढे करतो, पहिला मतदान अधिकारी दोन-तीनदा यादी चाळतो आणि नाव सापडत नाही. त्या क्षणी केंद्रावरच्या कोणाच्याही हातात काहीही नसते.

नाव वगळले जाण्याची कारणे अनेक असतात: पत्ता बदलल्याची नोंद, पडताळणीच्या वेळी घराला कुलूप, सारख्या नावाच्या मृत व्यक्तीऐवजी जिवंत व्यक्तीच्या नावावर चाललेली रेघ, किंवा नाव असूनही ते दुसऱ्याच केंद्राच्या यादीत जाऊन बसलेले असणे. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर, मोबाइलवरील ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर ओळखपत्राचा क्रमांक सांगून नाव शोधता येते. गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, यादी असतेच. नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८ भरावा लागतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते, आणि अर्जाची छाननी व्हायला वेळ लागत असल्यामुळे त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला असावा लागतो. म्हणजे प्रचार खऱ्या अर्थाने तापतो तेव्हा नावाची वेळ निघून गेलेली असते. घोषणा झाली त्याच आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव स्वतः पाहावे, दुसऱ्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नये.

लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत आहे. ती सासरी मतदान करू शकते का?

फॉर्म ८ भरून नाव सासरच्या यादीत आणल्याशिवाय नाही. आमच्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे आणि त्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. लग्नानंतर आधारकार्डावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि मतदार यादीत तिसरेच, अशी तिची तीन नावे होतात. रेशनकार्डात नाव घालण्याची घाई घरच्यांना असते, मतदार यादीची नसते. एका मुलीने मला सांगितले की लग्नानंतर सलग तीन निवडणुकांत तिला मतदान करता आले नाही, कारण मतदानाच्या दिवशी माहेरी जाऊ द्यायला सासरचे तयार नव्हते आणि सासरच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिचा फॉर्म तिनेच माझ्या ओट्यावर बसून भरला, आणि मे महिन्यात बोटावरची शाई दाखवायला ती मुद्दाम आली. सासू-सासऱ्यांनी सुनेच्या नावाचा अर्ज हे आपले काम मानावे, असे मी प्रत्येक घरात सांगतो.

नाव गावातही आहे आणि पिंपरी-चिंचवडलाही. दोन्हीकडे मतदान केले तर चालते का?

चालत नाही. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असणेच कायद्याला मान्य नाही, आणि दोन ठिकाणी मतदान केल्यास दोन्ही मते बाद ठरतात. २०२४मध्ये मावळ आणि पुण्यात १३ मे रोजी मतदान झाले आणि आमच्याकडे २० मे रोजी. मधल्या आठवड्यामुळे काहींना मोह झाला. ज्या ठिकाणी आपण खरोखर राहतो तिथले नाव ठेवून दुसरे कमी करून घ्यावे. गावाची ओढ मी समजू शकतो, पण ज्या शहराच्या पाण्यासाठी आणि लोकलसाठी तुम्ही रोज झगडता, तिथला खासदार तुमचा आहे.

ओळखपत्र हरवले आहे. आता काय?

नाव यादीत असेल, तर छायाचित्र असलेला दुसरा पुरावा चालतो: आधारकार्ड, पॅनकार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचे किंवा टपाल खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, निवृत्तिवेतनाची छायाचित्र असलेली कागदपत्रे, दिव्यांगांचे ओळखपत्र वगैरे. घरी वाटली जाणारी मतदार चिठ्ठी केंद्र आणि अनुक्रमांक शोधण्यासाठी आहे. ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

पक्ष फुटले, चिन्हे बदलली. आमच्या आईला कोणते बटण दाबायचे ते कळेल का?

ही काळजी अगदी खरी होती आणि निकालाने ती खरी ठरवली. शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३मध्ये एकनाथ शिंदे यांच्या गटाकडे गेले आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल राहिली. राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार यांच्या गटाला मिळाले, आणि शरद पवार यांच्या पक्षाला "तुतारी वाजवणारा माणूस" हे चिन्ह मतदानाच्या जेमतेम काही आठवडे आधी मिळाले. तीस-पस्तीस वर्षे धनुष्यबाण किंवा पंचवीस वर्षे घड्याळ बघितलेल्या डोळ्यांना एवढ्या थोड्या दिवसांत नवे चित्र ओळखायचे होते.

त्यातच काही अपक्षांना पिपाणीसारखे दिसणारे वाद्य हे चिन्ह मिळाले आणि यादीत त्याचेही मराठी नाव तुतारी असेच आले. आमच्या दिंडोरीत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले, पण त्याच आडनावाच्या आणि ते वाद्य चिन्ह असलेल्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात त्याच पक्षाच्या उमेदवाराचा पराभव सुमारे ३२ हजार मतांनी झाला आणि तिथे हे चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते मिळाली. ती सगळीच मते चुकून पडली असे कोणी म्हणू नये. मात्र ज्या आजीने मत देऊन आल्यावर "मी तुतारीला दिलं" असे मला अभिमानाने सांगितले, तिने कोणत्या तुतारीला दिले, हे तिला आणि मला आजही माहीत नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते.

उपाय सोपा आहे. यंत्रावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह अशा तीन खुणा असतात. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पक्षांचे त्यानंतर आणि अपक्ष शेवटी, असा त्यांचा क्रम असतो. घरातल्या मोठ्या माणसांना त्यांच्या पसंतीच्या उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चेहरा दोन-तीन वेळा दाखवून ठेवावा. त्यांची पसंती आधी त्यांना विचारावी आणि तीच दाखवावी. आपली त्यांच्यावर लादू नये.

यंत्रात दिलेले मत दुसऱ्यालाच जात असेल तर?

या शंकेवर मी कोणाला हसत नाही, कारण ज्याला आपल्या मताची किंमत वाटते त्यालाच ही शंका येते. केंद्रावर नेमके काय होते, ते सांगतो. मतदान सातला सुरू व्हायचे असेल, तर साडेपाचला आम्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, घेतो. किमान ५० मते टाकली जातात, प्रत्येक उमेदवाराच्या बटणाला पाळी येते, मग मतदान बंद करून निकाल काढला जातो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला जातो. त्यानंतर यंत्रातला आकडा पुसून शून्य केला जातो, चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात जातात, प्रतिनिधींच्या सह्या घेऊन मोहोर लागते. पहाटे साडेपाचला कंदिलाएवढ्या मिणमिणत्या दिव्याखाली त्या पन्नास चिठ्ठ्या टेबलावर मांडून मोजताना मी अनेकदा पाहिले आहे की एखाद्या पक्षाचा प्रतिनिधी अजून अंथरुणातच असतो. यंत्रावर अविश्वास दाखवणाऱ्या प्रत्येक पक्षाने आधी या वेळेला आपला माणूस उभा करावा.

मत देताना काचेच्या खिडकीत उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. घाई न करता ती बघावी आणि मगच बाहेर यावे. चिठ्ठी वेगळी दिसली, तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगावे. लेखी निवेदन घेऊन चाचणी मत टाकण्याची तरतूद आहे, आणि खोटी तक्रार शिक्षेस पात्र आहे हेही लक्षात ठेवावे. मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातून चिठ्ठी काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात, म्हणजे आमच्या मतदारसंघात तीस केंद्रांच्या. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. मात्र यंत्रात चिन्हे भरण्याची उपकरणे निकाल जाहीर झाल्यानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्रांच्या काही हिश्शाची तपासणी मागता यावी, असे आदेश दिले. तीस केंद्रे पुरेशी आहेत का, यावर सुजाण माणसांत मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत असे की हा आकडा वाढवल्याने मोजणीला थोडा उशीर झाला, तरी लोकांच्या मनाला मिळणारी शांतता त्याहून मोलाची आहे.

संध्याकाळी टक्केवारी एक सांगतात आणि दुसऱ्या दिवशी वेगळीच. मते वाढतात कुठून?

संध्याकाळचा आकडा फोनवरून गोळा केलेला, अंदाजी असतो. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटून मतदान करू दिले जाते, त्यामुळे कित्येक केंद्रे रात्रीपर्यंत चालतात. खरा आकडा नमुना १७-सीमध्ये असतो. त्यात त्या केंद्रावर नोंदलेली एकूण मते लिहून त्याची प्रत हजर प्रतिनिधींना तिथेच दिली जाते. २०२४च्या पहिल्या दोन टप्प्यांची सुधारित टक्केवारी ३० एप्रिलला आली, तीही मतांचे आकडे न देता, आणि त्यामुळे शंका वाढली. पाच टप्प्यांचे प्रत्यक्ष आकडे आयोगाने २५ मे रोजी जाहीर केले. आकडे तयार होते, तर ते आधीच द्यायला हवे होते, असे मला वाटते. कारण संशय उशिरानेच पोसला जातो.

मी कोणाला मत दिले, हे गावातल्या पुढाऱ्याला कळते का?

तुम्ही कोणाला दिले, ते कोणालाही कळत नाही. यंत्र मताची नोंद नावाशी जोडत नाही, आणि न्यायालयातसुद्धा कोणी तुम्हाला ते सांगायला भाग पाडू शकत नाही. "कॅमेऱ्यात दिसतं", "मशीनमध्ये नंबर निघतो" असे सांगून धाक घालणारी माणसे दर निवडणुकीला भेटतात. केंद्रात कॅमेरा असला, तरी तो मतदान कक्षाच्या आत रोखलेला नसतो.

पण या उत्तराची दुसरी बाजू मी लपवत नाही. मोजणी केंद्रनिहाय होते आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, ते नंतर जाहीर होते. हजार-बाराशे मतांचे एकच केंद्र असलेल्या गावाने कोणाला साथ दिली, ते सगळ्यांना कळते. वस्तीचे केंद्र वेगळे असेल, तर वस्तीचेही कळते. "या वाडीने आम्हाला मत दिलं नाही, मग पाण्याची टाकी कशाला मागता?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्या वाडीतल्या बाया तेव्हा दीड किलोमीटरवरून हंडे आणत होत्या. अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजणारे टोटलायझर नावाचे यंत्र निवडणूक आयोगाने सुचवले आणि विधी आयोगाने २०१५मध्ये त्याची शिफारस केली, पण ते अजून वापरात आलेले नाही. जुन्या कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांतल्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळता येत असत आणि लहान वस्तीला तेवढा आडोसा मिळे. यंत्रांमुळे बरेच काही सुधारले, हा आडोसा मात्र गेला. लहान वस्त्यांच्या भीतीचे मूळ इथे आहे, आणि मतदारांनी उमेदवारांकडे ज्या थोड्या मागण्या आवर्जून कराव्यात, त्यांत मी टोटलायझरच्या मागणीला फार वर ठेवीन.

पाकीट घेतले आणि भंडारा उचलायला लावला. आता दुसऱ्याला मत दिले तर पाप लागेल का?

पैसे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत, म्हणून पहिले उत्तर: घेऊच नये. पण हा प्रश्न मला एका विधवा बाईने रडवेल्या आवाजात विचारला होता. तिच्या दारात चार माणसे उभी राहिली, तळहातावर खंडोबाचा भंडारा ठेवून शपथ घ्यायला लावली, आणि नाही म्हणण्याची तिची सोय राहिली नाही. मी तिला सांगितले की देवाची भीती घालून मत बांधून घेणे हाच कायद्याने गैरप्रकार आहे. धाकाने घेतलेली शपथ ही घेणाऱ्याची नसून घ्यायला लावणाऱ्याची असते. खंडोबा दिलेल्या शब्दाचा देव आहे, हिसकावलेल्या शब्दाचा नव्हे, अशी माझी श्रद्धा आहे. असे प्रकार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह कळवता येतात. तक्रार करणाऱ्याला आपले नाव गुप्त ठेवता येते आणि शंभर मिनिटांत कार्यवाहीची अपेक्षा असते. लोकसभेसाठी महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये आहे. गावागावांत वाटल्या जाणाऱ्या रकमा त्या हिशेबात कधीच लिहिल्या जात नाहीत.

रस्ता होत नाही म्हणून गावाने बहिष्कार टाकावा, की नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) दाबावे?

बहिष्काराला कायद्यात काहीही परिणाम नाही. गावाचा राग मात्र दोन दिवस बातमीत येतो. अधिकारी समजूत घालायला येतात, लेखी आश्वासन देतात, आणि काही ठिकाणी त्यातून काम झालेलेही आहे. नोटा हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३च्या निकालाने आला. नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो. तरीही घरी बसण्यापेक्षा नोटा बरे, कारण त्याची मोजणी होते आणि तुमच्या नावावर दुसरे कोणी मत टाकून जाण्याची वाट बंद होते.

आजोबांना चालवत नाही आणि मे महिन्याचे ऊन. काय करावे?

८५ वर्षांवरील नागरिकांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना घरी मतदान करता येते. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत १२-डी हा फॉर्म द्यावा लागतो, आणि बीएलओ तो घरी आणून देतो. नंतर ठरलेल्या दिवशी पथक येते, आडोसा उभा करते आणि कागदी मतपत्रिकेवर मत घेते. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मतदान करता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी फॉर्म परत पाठवला, "मी शाळेतच जाणार" म्हणाल्या, आणि सकाळी साडेसातला नातवाच्या मोटारसायकलवर बसून गेल्या. त्यांचा निर्णय मला फार आवडला, पण तो प्रत्येकाला झेपेल असे नाही. बाकीच्यांनी सकाळी दहाच्या आत मतदान उरकावे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. केंद्रावर सावली आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे; नसेल तर केंद्राध्यक्षांना स्पष्ट सांगावे.

मालक सुट्टी देत नाही.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो रोजंदारीवरच्या माणसालाही लागू होतो. पगार कापल्यास मालकाला दंड होऊ शकतो.

मोबाइल आत नेता येतो का?

नाही. २० मे २०२४ रोजी मुंबईत अनेक जण केवळ मोबाइल कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे रांगेतून परत फिरले. घरच्या दोघांनी आळीपाळीने जावे म्हणजे एकाने फोन सांभाळता येतो. २०२५मध्ये आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय करण्याचे जाहीर केले आहे, तरी गर्दीच्या केंद्रावर फोन घरी ठेवणेच मला शहाणपणाचे वाटते.

केंद्रावर गेलो आणि माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर?

परत फिरू नये. केंद्राध्यक्षांना सांगावे, ओळखीविषयीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. याला प्रदत्त मत म्हणतात. ते यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात मोहोरबंद राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही, म्हणून लोकांना त्याचा उपयोग वाटत नाही. पण मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात २०२४चा निकाल ४८ मतांनी लागला, तेव्हा पराभूत उमेदवाराने उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत याच प्रदत्त मतांचा मुद्दा मांडला होता. याचिका फेटाळली गेली, तरी ज्या मतदारांनी हट्टाने ती मतपत्रिका मागून घेतली, त्यांच्यामुळे आपल्या नावावर दुसऱ्याने मतदान केल्याची नोंद कागदावर राहिली. माझ्या केंद्रावर असा एकच प्रसंग आला. दूध घालणारा एक तरुण होता. त्याने डेअरीतून येताना कॅन तसाच बाहेर ठेवला होता, चाळीस मिनिटे थांबून त्याने मतपत्रिका घेतली, शिक्का मारला, घडी घातली आणि लिफाफा चिकटवेपर्यंत माझ्या टेबलासमोर उभा राहिला.